टीव्हीच्या मागे लावलेला छोटा पीसी, आठ महिने वापरून

जुना डेस्कटॉप बंद पडला तेव्हा परत एवढं मोठं धूड घ्यायचं का यावर घरात बरीच चर्चा झाली. आमच्याकडे पीसीवर होतं काय तर यूट्यूब, ओटीटी, बिलं भरणं, एखादा फॉर्म, प्रिंट, बस. मग मिनी पीसी घेतला, इंटेल एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. टीव्हीच्या मागे ब्रॅकेटला स्क्रूने बसवलाय, दिसतसुद्धा नाही.

मला सगळ्यात आवडलं ते व्हिडिओचं काम. एन१०० ही २०२३ ची चिप, चारच छोटे कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), ६ वॉटची, त्यामुळे घेताना धाकधूक होती की ४के अडकत अडकत चालणार. पण व्हिडिओ डीकोड करायचं, म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ परत उलगडायचं काम कोअर करतच नाहीत, ग्राफिक्समध्ये त्यासाठी वेगळा भाग आहे आणि त्याला व्हिडिओ दाबून लहान करायच्या व्हीपी९, एचईव्हीसी आणि एव्ही१ या तिन्ही पद्धती जमतात. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ मध्ये देतं, आमच्या जुन्या पीसीला ते येत नव्हतं म्हणून सगळा भार प्रोसेसरवर यायचा आणि पंखा नुसता घोंगावायचा. इथे ४के लावून टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर जवळजवळ रिकामाच बसलेला!

पहिला आठवडा मात्र वैतागात गेला. माउस ओढल्यासारखा हलायचा, मला वाटलं पीसीच स्लो आहे, तर ४के फक्त ३० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांवर चालत होतं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा एनहान्स्ड मोड ऑन केला तेव्हा ६० आलं. अक्षरं फुटल्यासारखी दिसायची, तर टीव्हीमध्ये त्या इनपुटला पीसी असं नाव दिल्यावर टीव्हीने रंगांची काटछाट बंद केली आणि एकदम स्वच्छ दिसायला लागलं. यात पीसीची काहीच चूक नव्हती.

वायरलेस कीबोर्डने तर डोकंच फिरवलं. अक्षरं गाळायचा, मध्येच एकच अक्षर दहा वेळा टाइप व्हायचं, सेल बदलले, ड्रायव्हर बदलला, शेवटी कळलं की यूएसबी ३ मधून जो रेडिओ नॉइज निघतो तो २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येतो आणि कीबोर्डचा डोंगल (पोर्टला लावायचा छोटा रिसीव्हर) पण तिथेच काम करतो, इंटेलने स्वतः यावर पेपर काढलेला आहे. माझा डोंगल नेमका एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टला होता. साध्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने तो टीव्हीच्या पुढे आणला, त्या दिवसापासून एकदाही त्रास नाही.

ओटीटीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. चिपला ४के जमतं म्हणजे प्रत्येक अ‍ॅप ४के देईलच असं नाही, ब्राउझरमध्ये कॉपी प्रोटेक्शनमुळे बऱ्याच सर्व्हिस रिझोल्यूशन कमी ठेवतात, लिनक्सवर तर जास्तच. फक्त ओटीटीच बघायचं असेल तर स्ट्रीमिंग स्टिक घ्या, खरंच. आणि टीव्हीच्या रिमोटने हा चालू होत नाही, बाबा अजून विचारतात "अरे, दोन बटणं कशाला दाबायची?", त्यांचं बरोबरच आहे.

रॅम १६ जीबीच घ्यायला हवी होती असं आता वाटतं. ८ मध्ये भागतं, पण पंधरा-वीस टॅब आणि सोबत व्हिडिओ कॉल असला की अडखळतं. आत रॅमचा स्लॉट एकच आहे त्यामुळे अजून एक स्टिक जोडता येत नाही, आहे ती काढून मोठी घालावी लागते. एन९५ वाले मॉडेलसुद्धा असेच दिसतात पण ती चिप १५ वॉटची आहे आणि ग्राफिक्स कमी, दोन्ही मिळत असतील तर एन१०० घ्या. आलेलं विंडोज मी ठेवलं नाही, अनोळखी कंपनीने आधी काय काय भरून ठेवलंय कुणाला माहीत, बँकेचं काम याच्यावरच होणार म्हणून पहिल्याच दिवशी सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल केलं.

परवा धूळ काढायला उघडला, चार स्क्रू फक्त. एसएसडी एम.२ ची, म्हणजे स्लॉटमध्ये खोचलेली पट्टी आहे, भरली तर बदलता येईल, पण काही स्वस्त मॉडेलमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची साठवणुकीची चिप असते, ती बोर्डालाच सोल्डर केलेली, बदलायचा प्रश्नच येत नाही. घेण्याआधी एवढं तरी नीट वाचून घ्या.