इंग्रजीच्या वर्गातली आंतरवासिता: निरीक्षण आणि मदतीच्या टप्प्याचं परीक्षण

शिक्षक-प्रशिक्षणातल्या आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात, स्वतंत्र पाठ घेण्याआधी छात्राध्यापकाला, म्हणजे शिकाऊ शिक्षकाला, काही आठवडे माध्यमिक शाळेत दुसऱ्याच्या तासाला बसवतात आणि हळूहळू मदतीला घेतात. इंग्रजी विषयापुरतं बोलायचं, तर या टप्प्यातला मदतीचा भाग अतिशय मोलाचा आहे. निरीक्षणाचा भाग मात्र सहसा जसा राबवला जातो तसा जवळजवळ वाया जातो, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे हातात दिलेला छापील तक्ता.

त्या तक्त्यात प्रस्तावना, हेतुकथन, विषय-प्रतिपादन, प्रश्न, फलकलेखन, साहित्याचा वापर, स्वाध्याय असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे उत्तम, चांगले, साधारण. चाळीस मिनिटांच्या तासात हे सगळं एकदम बघायचं म्हटलं की काहीच नीट बघून होत नाही. शिवाय समोरचे शिक्षक अनुभवी, बघणारा नवखा. म्हणून सगळीकडे ‘चांगले’वर खूण पडते. तक्त्याचा प्रत्येक रकाना शिक्षकाबद्दल विचारतो. मुलांनी त्या तासात किती इंग्रजी ऐकलं, किती बोललं, किती लिहिलं, याला त्यात जागाच नसते, आणि इंग्रजीच्या तासात बघण्यासारखं तर तेच असतं.

तक्ता भरणं सक्तीचं असेल तर तो तास संपल्यावर भरावा. तास चालू असताना एकच प्रश्न धरून बसावं. पहिल्या तासाला बाकांचा नकाशा काढणं उत्तम: प्रत्येक बाकाचा चौकोन, शिक्षकांनी कुणाला विचारलं की तिकडे बाण, मुलानं आपणहून उत्तर दिलं की टिंब. बहुतेक वर्गांत बाण पुढच्या आणि मधल्या बाकांवर दाटतात, कडेचे आणि मागचे चौकोन कोरे राहतात. मदतीची वेळ आली की कुठून सुरुवात करायची, ते हे कोरे चौकोनच सांगतात.

दुसऱ्या तासाला प्रश्नानंतरचा थांबा मोजावा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘येत नाही’ म्हणून गप्प बसणं कमी होतं. परक्या भाषेत तर मुलाला आधी प्रश्न उलगडायचा असतो, मग वाक्य जुळवायचं असतं, त्यामुळे हे तीन सेकंद अधिकच लागतात. घड्याळाकडे बघू नये, मनात सावकाश मोजावं. थांबे दोन असतात, एक प्रश्नानंतर आणि एक मुलाच्या उत्तरानंतर. दुसरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘गुड’ म्हणून शिक्षक लगेच पुढे सरकले की मुलाचं अर्धं राहिलेलं वाक्य तिथेच संपतं.

बी.एड.ला शिकवतात ती वर्गातलं बोलणं नोंदायची फ्लँडर्सची पद्धत इथे कामाची आहे, पण बेतानं. दर तीन सेकंदांनी दहांपैकी एका प्रकाराची खूण करायची: सात प्रकार शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या, एक शांतता किंवा गोंधळाचा. पूर्ण तास नोंदायचा तर आठशे खुणा होतात आणि हात भरून येतो. तासाच्या मधली फक्त पाच मिनिटं नोंदावी. खुणा शंभर होतात, म्हणजे एक खूण एक टक्का, वेगळं गणित करायला नको. भाषेच्या वर्गासाठी या पद्धतीत एक मोठी उणीव आहे: बोलणं इंग्रजीत झालं की मातृभाषेत, हे ती सांगत नाही. मातृभाषेतल्या बोलण्याच्या खुणेभोवती गोल करावा. गोल नेमके कुठे जमतात ते बघा. व्याकरणाचा नियम समजावताना जमले तर समजण्यासारखं आहे. पण ‘वही उघडा’, ‘जोड्या करा’ अशा रोजच्या सूचनांवर जमले, तर मुलांच्या कानावर सहज पडलं असतं ते इंग्रजी हुकलं. गटकार्य सुरू झालं की ही नोंद बंद करावी. सहा जण एकदम बोलत असताना तिला अर्थ राहत नाही.

बसायच्या जागेबद्दल कुणी सांगत नाही. शेवटच्या बाकावरून मुलांच्या पाठीच दिसतात. पुढच्या बाजूला, भिंतीलगत, मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतील असं बसावं. त्यासाठी तासाच्या आधी शिक्षकांची परवानगी घ्यावी.

आता मदतीचा भाग. याच्याबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं, कारण पन्नासच्या वर्गात एका शिक्षकाला जे अशक्य असतं, ते दुसऱ्या माणसामुळे शक्य होतं. लेखनाचं काम दिलं की हात वर करणाऱ्यांकडे धावू नये. ज्यांनी पहिली ओळसुद्धा लिहिलेली नाही, त्यांच्याकडे आधी जावं. उभ्यानं वाकू नये, बाकाच्या उंचीला बसावं. एका ठिकाणी मिनिटभर, मग पुढे. लगेच उत्तर सांगायचा मोह होतो आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

समजा वहीत लिहिलंय, ‘ही डिडन्ट वेन्ट टू स्कूल’. पेन्सिलीनं त्या ओळीसमोर समासात फक्त एक टिंब द्यावं आणि थांबावं. अर्ध्या मिनिटात सापडलं नाही तर ‘डिडन्ट’खाली रेघ. तरीही नाही, तर त्याच वहीतलं बरोबर असलेलं दुसरं नकारार्थी वाक्य दाखवून दोन्ही शेजारी ठेवायला सांगावं. एवढं करूनही अडलं तरच सांगावं की ‘डिड’नं भूतकाळ दाखवून झाला, पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं. या क्रमानं गेलं की मूल पुढच्या वेळी ती ओळ स्वतः तपासतं. लाल पेनानं ‘गो’ लिहून दिलं तर पुढच्या निबंधात ‘डिडन्ट केम’ येतं.

वह्या तपासायला मिळाल्या तर नकार देऊ नये, पण आधी विचारावं की या वेळी काय तपासायचं. सगळंच तपासलं तर एका वहीला तीन मिनिटं धरली तरी पन्नास वह्यांना अडीच तास होतात, आणि लालेलाल पान मूल वाचतही नाही. एकच मुद्दा घ्यावा, समजा भूतकाळ. समासात काळ, शब्दलेखन, सुटलेला शब्द यांसाठी शाळेत आधीपासून असतील त्याच खुणा वापराव्या. जास्त वेळा आलेल्या तीन चुका नाव न घेता दुसऱ्या दिवशी फळ्यावर घेता येतील, अशा उतरवून शिक्षकांना द्याव्या.

आणखी दोन कामं आवर्जून मागून घ्यावी. एक म्हणजे संवादवाचनात दुसऱ्या पात्राचा आवाज होणं. त्यामुळे मुलांना खरं बोलणं ऐकू येतं. दुसरं श्रुतलेखन: एकदा सलग नेहमीच्या वेगानं, एकदा अर्थाच्या तुकड्यांत थांबत, शेवटी पुन्हा सलग. एकेक शब्द तोडून सांगितला की मुलं शब्द लिहितात, वाक्य ऐकत नाहीत. वाचनात मागे असलेल्या चार-पाच जणांचा गट दिला तर तो चालू तासातून उठवून नेऊ नये. नवा भाग बुडून ती मुलं आणखी मागे पडतात.

या टप्प्यातल्या त्रुटी ठरलेल्या आहेत. गैरहजर शिक्षकाच्या जागी छात्राध्यापकाला ढकलणं ही सर्वांत वाईट. त्या तासात ना निरीक्षण होतं ना मदत. तासानंतर चर्चा न होणं ही दुसरी. तासाआधी पाच आणि नंतर दहा मिनिटं पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावी आणि त्यात मत देण्याऐवजी नेमकं विचारावं: ‘बाई, दुसऱ्या गटाला वेळ का वाढवून दिला?’, ‘सर, तो शब्द फळ्यावर का लिहिला नाही?’ अशा प्रश्नांना शिक्षक मोकळेपणानं उत्तर देतात, कारण त्यांच्या निर्णयाची दखल घेतलेली असते. तिसरी त्रुटी क्रमाची. बघणं संपलं की थेट पूर्ण पाठ, अशी उडी मारायला लावतात. मधे दहा मिनिटांचा तुकडा घ्यायला मिळायला हवा: फक्त नवे शब्द, किंवा फक्त जोडीतल्या कामाची सूचना. 1963मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे छोट्या गटापुढच्या काही मिनिटांच्या सराव पाठात, एका वेळी एकच कौशल्य घेतात. तेच खऱ्या वर्गात करायचं. सूचना आधी, कागद नंतर, आणि ‘समजलं का?’ऐवजी ‘किती वाक्यं लिहायची?’ असं विचारायचं.

निवड करता येत असेल तर एकाच शिक्षकांचा एकच पाठ दोन तुकड्यांत बघून घ्या. दुसऱ्या तुकडीत त्यांनी काय बदललं, ते पाठाच्या टाचणात सापडत नाही. आणि एक दिवस एकाच तुकडीबरोबर सगळ्या विषयांच्या तासांना बसा. इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी मुलगी गणिताच्या तासाला फळ्याजवळ जाऊन रीत समजावताना दिसली, तर तिच्यासाठी इंग्रजीतलं पहिलं बोलण्याचं काम कोणत्या विषयावर द्यायचं, ते तिथेच ठरतं.