मोजायचं की मांडायचं? सवयी लावण्याच्या दोन तऱ्हा

सवयी सुधारायला निघालेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, आधी मोज. काय खाल्लंस, किती चाललीस, किती तास झोपलीस, किती पानं वाचलीस, सगळं लिहून काढ. आकडा डोळ्यांसमोर आला की वागणं सुधारेल. दुसरा म्हणतो, आकडे सोड, घर नीट मांड. फळं हाताशी ठेव, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ढकल, फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेव. मग डोकं न लावताही बरं वागशील.

मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि दोन्हीकडच्या मंडळींचा अतिउत्साहही सोसला आहे. माझं मत आधीच सांगते: मोजणं हे औषधाच्या कोर्ससारखं, ठरावीक दिवसांपुरतं घ्यावं. मांडणी मात्र कायमची. पण हे सगळीकडे सारखं लागू होत नाही. खाण्यात मोजण्याला मान आहे, झोपेत अजिबात नाही.

खाणं: काटा आणि ताट

नोंद ठेवायला लागले तेव्हा गोड हाच आपला शत्रू अशी माझी खात्री होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने वेगळंच नाव घेतलं. भाजी करताना मी तेल कधी चमच्याने घेत नसे. बाटली तिरकी करायची, अंदाज हाताला पाठ. एकदा कढई काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि रोजच्यासारखीच बाटली तिरकी केली. ४१ ग्रॅम! एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी धरतात. म्हणजे भाजीचा एक तुकडा पडायच्या आत कढईत ३७० च्या आसपास कॅलरी, आणि तीही दोघांच्या जेवणासाठी. मी मात्र चहातली अर्धा चमचा साखर कमी करून स्वतःची पाठ थोपटत होते.

ताटाकडे कितीही वेळ बघत बसले असते तरी हे कळलं नसतं. मोजण्याची खरी कमाई हीच: आपला अंदाज कुठे फसतोय ते दिसतं. आणि अंदाज चांगलाच फसतो. ‘काही खात नाही तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या काही जणांचा अभ्यास १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. ही माणसं आपलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त. यात लबाडी असेलच असं नाही. माझ्या बाटलीनेही मला जाणूनबुजून फसवलं नव्हतं. नोंदीचा फायदाही दिसून आलेला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० जणांच्या एका अमेरिकन अभ्यासात, रोज लिहिणाऱ्यांचं वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं होतं.

आता दुसरी बाजू. आकडे दिसतात तितके नेमके नसतात. अमेरिकेच्या नियमांत पाकिटावरच्या कॅलरी आणि आतल्या कॅलरी यांत २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो, आणि आपण मात्र १,४८७ आणि १,५१२ यांतल्या फरकावरून हळहळत बसतो. दुसरी खोट मला दीड महिन्याने लक्षात आली. घरी शिजवलेल्या एका पदार्थाची ॲपमध्ये नोंद करायची तर सात-आठ जिन्नस एकेक करून टाकावे लागतात; पाकीटबंद खाण्याला नुसता बारकोड दाखवला की काम झालं. एका दमलेल्या संध्याकाळी मी चक्क नोंद सोपी म्हणून पाकीट फोडलं. ज्या खाण्यापासून लांब राहायचं त्याच्याच दिशेने ॲप मला ढकलत होतं. अमेरिकन संशोधक केविन हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं अन्न दिलं होतं, हवं तितकं खा म्हणून. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली.

ताटाची पद्धत याच्या अगदी उलट. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य शाखेने २०११ मध्ये मांडलेलं ताट असं: अर्ध्या भागात भाज्या आणि फळं, पाव भागात अख्खं धान्य, पाव भागात प्रथिनं, म्हणजे डाळी, कडधान्यं, अंडी, मासे वगैरे. बटाट्याला ते भाजीत धरत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते, तीही बटाट्यासारखी कंदमुळं वगळूनच. ४०० ग्रॅम ऐकायला फार वाटत नाही. एकदा तोलून बघा, साधारण पाच भरल्या मुठी होतात. मी तोलून पाहिलं तेव्हा माझं अर्धं ताट प्रत्यक्षात जेमतेम पाव होतं हे कळलं. म्हणजे ताटाची पद्धत नीट जमायलाही एकदा काट्याची मदत घ्यावी लागते.

ताटाला काही गोष्टी दिसतच नाहीत. तेल दिसत नाही. जेवणाबाहेर पोटात जाणारं काही दिसत नाही: गोड पेयं, स्वयंपाक करताना तोंडात टाकलेले दाणे, मुलांच्या ताटात उरलेलं. मीठही नाही, त्याची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सगळ्या जेवणांत मिळून एक लहान चमचा. तरीही ताटाचा एक गुण असा आहे की बाकी सगळं माफ. पाहुण्याच्या घरी, प्रवासात, लग्नाच्या पंगतीत, ते सोबत असतं. काटा तिथे नेता येत नाही. (मी एकदा नेला होता. पुन्हा नेणार नाही.)

ताटाच्या जोडीला वस्तूंची मांडणी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या उपाहारगृहात पाण्याच्या बाटल्या खाण्याच्या काउंटरांशेजारी टोपल्यांत ठेवल्या आणि पेयांच्या कपाटात डोळ्यांच्या उंचीवर आणल्या. पाण्याचा खप सुमारे २६ टक्क्यांनी वाढला. हा अभ्यास २०१२ चा. पण मांडणीवाल्यांच्याही सगळ्याच गोष्टी खऱ्या मानू नका. ‘आपोआप कमी खाण्याच्या’ युक्त्यांवर गाजलेल्या एका अमेरिकन संशोधकाचे सहा निबंध ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी २०१८ मध्ये एका दमात मागे घेतले. त्यामुळे ‘ताटली छोटी घ्या, पोट आटोक्यात येईल’ छापाचे सल्ले मी आता हातचं राखूनच ऐकते. छोट्या ताटलीत मी दोनदा वाढून घेते, हा माझा अनुभव.

तर निवड कशी करायची? कुठे चुकतंय तेच कळत नसेल तर दोन-तीन आठवडे काटा. कुठे चुकतंय ते ठाऊक असेल आणि फक्त हातून होत नसेल, तर काट्याला हातही लावू नका. ते माहीतच आहे आणि पुन्हा कळून काही वळणार नाही. सरळ ताट आणि फळ्या बदला. ज्यांचं खाण्याशी नातं आधीच बिघडलेलं आहे, उपाशी राहणं किंवा खाऊन पश्चात्ताप करणं ज्यांनी भोगलंय, त्यांनी मोजण्याच्या वाटेला जाऊच नये. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांना मोजणं टाळता येत नाही आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच व्हायला हवं.

आठ तासांतच खायचं, बाकी वेळ उपास, या पद्धतीबद्दल हमखास विचारणा होते. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर केलेल्या, २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत कमी कॅलरी खाणाऱ्या दोन गटांपैकी एकाला वेळेचं बंधनही होतं. वजनात ठळक फरक पडला नाही. रात्री उशिरा चरत बसणाऱ्याला वेळेचं कुंपण सोयीचं पडतं, एवढंच त्याचं मोल.

चालणं: इथे आकडा चालतो, पण कोणता?

१०,००० पावलांचं लक्ष्य कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जाहिरात इतकी जमली की ती आरोग्याचा नियम होऊन बसली. २०१९ मध्ये सुमारे १७,००० वयस्कर महिलांच्या अभ्यासात असं आढळलं, की रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढत नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आठवड्याचा आहे: १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरत नसत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे जिना चढलात तर तोही धरा. मांडणीच्या बाजूने ही मोठी सवलत आहे. फोन आला की उठून चालायचं, एवढं मी ठरवलं आणि लांबलचक बोलणाऱ्या नातेवाइकांबद्दलचा माझा राग बराच निवळला.

मोजल्याने माणूस जास्त चालतो हे खरं. पण संशोधक जॉर्डन एट्किन यांनी २०१६ मध्ये दाखवलं की मोजायला लागलं की चालण्यातली मजा उणावते आणि आकडा काढून घेतला की पावलंही मंदावतात. ज्याला मुळात चालायला आवडतं, त्याने पावलं मोजणारा पट्टा मनगटावर बांधूच नये. ज्याला आवडतच नाही, त्याचं गमावण्यासारखं काही नाही. त्याने खुशाल बांधावा.

झोप: इथे मोजू नका

झोपेचे गुण देणारं घड्याळ मी चार महिने वापरलं. सकाळी ताजीतवानी उठायचे, घड्याळ बघायचे, तिथे ६१ गुण दिसायचे आणि दिवसभर दमल्यासारखं वाटायचं. हे माझ्या एकटीचं वेड नव्हतं. झोपेच्या आकड्यांच्या ध्यासापायीच झोप उडालेले लोक डॉक्टरांकडे येऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकन संशोधकांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं. झोप ही प्रयत्नाने येणारी गोष्टच नाही. चालण्यात आकडा कमी दिसला तर उठून चालता येतं. झोपेचा आकडा कमी दिसला तर जास्त जोर लावून झोपणार कसं?

मांडणीला मात्र इथे भरपूर वाव आहे. झोपायची वेळ हातात नसते, उठायची असते. ती सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवायची. कॉफीचं कुंपण वाटतं त्यापेक्षा बरंच आधी घालावं लागतं: २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने, म्हणजे साधारण चार कप कॉफीएवढ्या डोसाने, झोप तासाभराहून जास्त घटली. आणि फोन खोलीबाहेर. गजरासाठी साधं घड्याळ आणा. मी सोडून घरात सगळ्यांना त्याची टिकटिक खुपते, पण ते चालतंय.

वाचन, लिहिणं वगैरे

‘वर्षाला ५० पुस्तकं’ असा पण केला की माणूस बारीक पुस्तकं निवडू लागतो. मी निवडलीच. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिला गट पुढे होता, आठवड्याने दुसरा. तेव्हा मोजायचंच असेल तर वाचलेली पानं सोडा आणि पुस्तक मिटल्यावर काय आठवतंय ते पाहा. पुस्तक उशीवर ठेवायचं आणि शेजारी पेन, एवढी मांडणी मला पुरते.

मनातलं लिहून काढायला तर रोजच्या सवयीचीही गरज नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत माणसं ओळीने चार दिवस, १५ मिनिटं लिहीत, बस्स. गरज पडेल तेव्हा लिहा.

खाडा पडला तर?

माझ्या निवडीमागचं सगळ्यात मोठं कारण हे. सवय २१ दिवसांत लागते हे वाक्य मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणावरून घरंगळत आलं आहे. ते म्हणत होते की रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटायला किमान २१ दिवस जातात. ‘किमान’ वाटेत कुठेतरी गळून पडलं. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक सवय लावायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा ६६ दिवस, आणि पल्ला १८ पासून २५४ पर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). त्यात मधेच एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं.

आता सवयींची ॲप काय करतात बघा. ५८ दिवसांची साखळी, एक दिवस ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर मोठं शून्य. त्या शून्यानंतर मी तीन आठवडे ॲप उघडलंच नाही, आणि सोबत ती सवयही गेली. फळांची टोपली असा हिशेब ठेवत नाही. ताप उतरल्यावर ती होती तिथेच होती, फक्त केळी काळी पडली होती.

काटा मी टाकून दिलेला नाही. तो वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्याशेजारी आहे. वर्षातून दोनदा आठवडाभर खाली येतो, कारण हात हळूहळू पुन्हा सैल होतो. गेल्या खेपेला तेल २३ ग्रॅम भरलं.