प्रथम वर्षाच्या वर्गातील बैठे खेळ : एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतर

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढल्यापासून, नवागत विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात केवळ भाषणे न ऐकवता एकमेकांत मिसळू द्यावे, हे निदान कागदावर तरी सर्वांना मान्य झाले आहे. नवी मुंबईतील ज्या महाविद्यालयात मी शिकवते, तिथे आम्ही पावसाळ्यात या कामासाठी बैठ्या खेळांचा वापर सुरू केला आणि तो दुसऱ्या सत्रातही चालू ठेवला. मैदानात चिखल असल्यामुळे वर्गाबाहेर पडण्याचा प्रश्नच नव्हता. वर्गात लोखंडी पायांचे जोडबाक जमिनीला पक्के केलेले, त्यामुळे गोल करून बसण्याची जी कल्पना प्रत्येक पुस्तिकेत असते ती आमच्याकडे पहिल्याच दिवशी बाद झाली. पुढील मते अशा खोलीत तयार झाली आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आमच्या विद्यार्थ्यांचे गट वर्गात नव्हे, रेल्वेत बनतात. ट्रान्स-हार्बरने ठाण्याकडे जाणारे एकत्र, पनवेलचे एकत्र, आणि २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत धावू लागल्यापासून तिकडचाही एक स्वतंत्र गट. नव्या शैक्षणिक धोरणात मुले मुख्य विषयापुरती एका खोलीत येतात आणि ऐच्छिक विषयांना पांगतात, त्यामुळे शेवटचा तास संपला की जो तो आपल्या गाडीच्या वेळेवर असतो. म्हणून त्या तासाभरात किती हशा झाला यावर मी खेळ जोखला नाही. महिनाभराने वेगवेगळ्या मार्गांची मुले डब्याच्या वेळी एका बाकावर दिसतात का, एवढेच पाहिले.

या कसोटीवर सर्वांत सरस ठरला तो मानवी बिंगो. पंचवीस चौकटींचा एक कागद, प्रत्येक चौकटीत एक वर्णन, आणि ते ज्याला लागू पडेल त्याची सही घ्यायची. एका व्यक्तीची सही एकदाच. तयार मिळणाऱ्या नमुन्यांत ‘ज्याला आइस्क्रीम आवडते’ अशा बेचव चौकटी असतात, त्या काढून आम्ही इथल्या चौकटी घातल्या : गडकरी रंगायतनमध्ये नाटक पाहिलेला, येऊरला पहाटे चालायला गेलेला, घरात आगरी बोलणारा, कोपरखैरण्यात राहूनही एपीएमसी बाजारात कधी पाऊल न टाकलेला. बेलापूर भागातील एका गावातून येणारा मुलगा आठवडाभर शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसत असे. ‘घरात आगरी बोलणारा’ या चौकटीसाठी वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला, कोणीतरी एक वाक्य म्हणून दाखवायची फर्माईश केली, आणि त्याने आधी त्या फर्माईश करणाऱ्याचीच फिरकी घेणारे वाक्य ऐकवून मगच सही केली. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेल्या ठाणे खाडीच्या काठाने रोज प्रवास करूनही ‘फ्लेमिंगो जवळून पाहिलेला’ ही चौकट बहुतेकांची रिकामी राहिली, आणि त्या चौकटीमुळेच पुढे हिवाळ्यात मुलांनी फ्लेमिंगो पाहायला ऐरोलीची फेरी आपणहून ठरवली. या खेळाला बाक हलवावे लागत नाहीत आणि कोणालाही एकट्याने सर्वांसमोर उभे राहावे लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वागत-समारंभात वरच्या वर्गातली मुले चिठ्ठी उचलायला लावतात आणि त्यात ‘नाच करून दाखव’ किंवा ‘अमुकला मागणी घाल’ असे लिहिलेले असते, तो प्रकार मी खेळ मानत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि आयोगाचे विनियम २००९ चे आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी अशा चिठ्ठीने फक्त आधीच धीट असलेली दोन-चार मुले चमकतात आणि उरलेली आपली पाळी येऊ नये म्हणून दाराजवळ सरकतात. द्वितीय वर्षाच्या मुलांना आम्ही खेळवणारे म्हणून न ठेवता खेळणारे म्हणूनच घेतले, आणि ते फार बरे झाले.

‘दोन खरे, एक खोटे’, म्हणजे स्वतःविषयी तीन वाक्ये सांगायची आणि त्यांतले खोटे इतरांनी ओळखायचे, हा खेळ सर्वत्र सुचवला जातो. पूर्ण वर्गात तो पडतो, कारण सतराव्या-अठराव्या वर्षी स्वतःविषयी तीन वाक्ये बोलणे हीच मुळात परीक्षा असते आणि दहाव्या मुलापर्यंत ऐकणाऱ्यांचे लक्ष उडालेले असते. पाचजणांच्या गटात मात्र तो बऱ्यापैकी चालतो. मानवी गाठ, म्हणजे आठ-दहा जणांनी समोरच्यांचे हात धरून हात न सोडता गुंता उलगडायचा, हा खेळ आम्ही वऱ्हांड्यात घेतला. मुलामुलींना हात धरायला संकोच वाटला, तेव्हा प्रत्येकाच्या हाती रुमाल देऊन त्याची टोके धरायला सांगितली आणि अडचण मिटली. गाठ कधी एका कड्यात सुटते, कधी एकमेकांत अडकलेली दोन कडी उरतात. ‘ती सुटलीच पाहिजे’ असे आधी सांगून ठेवू नये.

शब्दांच्या खेळांपैकी कोडनेम्सची मी शिफारस करीन. व्लादा ख्वातिल यांचा हा खेळ २०१५ चा असून २०१६ मध्ये त्याला जर्मनीतील ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पंचवीस शब्द मांडलेले असतात, त्यांतले कोणते कोणत्या गटाचे हे फक्त दोन्ही गटांच्या म्होरक्यांना ठाऊक असते; गटाच्या म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढाच संकेत द्यायचा आणि गटाने आपले शब्द ओळखायचे. विकतचा संच इंग्रजीत असल्याने आम्ही जाड कागदावर मराठी शब्द लिहून आपला संच केला, कारण पातळ चिठ्ठ्या पंख्याखाली टिकत नाहीत आणि पंखा बंद केला तर मुले टिकत नाहीत. एका मुलीने ‘दादर, तीन’ असा संकेत दिला. तिच्या मनात फूल, पूल आणि गर्दी होते. गटाने फूल आणि गर्दी बरोबर उचलले आणि पुलाऐवजी ‘समुद्र’वर बोट ठेवले, तो निघाला प्रतिस्पर्ध्यांचा. दादरला समुद्र आधी आठवतो की पूल, यावर नेरूळची ती मुलगी आणि कळव्याचा एक मुलगा तास संपल्यावरही भांडत होते, आणि दोघेही सत्र संपेपर्यंत एकाच गटात खेळले.

राजा-मंत्री-चोर-शिपाई या खेळाकडून मला फारशी अपेक्षा नव्हती. चार चिठ्ठ्या, चार खेळाडू, म्हणजे दोन बाकांवरची मुले मागेपुढे वळून बसली की काम झाले. प्रत्येक घरचे गुण निराळे निघाले, चोर सापडला नाही तर मंत्र्याचे गुण कोणाला यावर एकमत होईना, आणि त्या वादातच ओळखी झाल्या. मेंढीकोटाचेही तसेच, उत्तरेकडच्या मुलांना ‘दहला पकड’ येत असल्याने त्यांना काही शिकवावे लागले नाही. पत्त्यांचा जोड पाहून महाविद्यालयाचे शिपाई आणि काही सहकारी भुवया उंचावतात, त्याची तयारी ठेवावी. भेंड्यांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. त्या रंगतातच, पण गाणारे गातात आणि बाकीचे ऐकतात.

माफिया हा खेळ दिमित्री दाविदोव यांनी १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी रचला, आणि मुलांचा तो सर्वांत लाडका. माझे मत तितके अनुकूल नाही. काहीजण गुपचूप माफिया ठरतात; ‘रात्री’, म्हणजे बाकीच्यांनी डोळे मिटल्यावर, त्यांनी एकाला मारायचे आणि दिवसा सर्वांनी चर्चा करून संशयिताला बाहेर काढायचे, असा त्याचा क्रम. एकमेकांना न ओळखणाऱ्या वर्गात हा संशय हमखास सर्वांत अबोल मुलावर जातो, कारण ‘तू बोलत का नाहीस’ एवढाच पुरावा हाताशी असतो. आणि बाद झालेला तो मुलगा पुढचा अर्धा तास मोबाइल पाहत बसतो. बाद झालेल्यांना सूत्रधाराचे मदतनीस केल्यावर निम्मी अडचण दूर झाली. ओळखी जुन्या झाल्यावर, दुसऱ्या सत्रात, हाच खेळ अतिशय रंगला.

ऊनोचे दोन जोड कॅन्टीनमध्ये ठेवले होते. पत्त्यांवर नजर ठेवता येत असल्याने बुजरी मुले त्यात लवकर बसतात, बोलणे मात्र बेतास बात होते. ऑगस्टच्या दमट हवेत पत्ते फुगून एकमेकांना चिकटू लागले, म्हणून पुढच्या वेळी प्लास्टिकचे घ्यावेत. येत्या जूनसाठी मी बिंगोच्या चौकटी नव्याने लिहायला घेतल्या आहेत, कोडनेम्सचा संच वाढवणार आहे, आणि माफिया मात्र गणपतीच्या सुट्टीनंतरच काढणार आहे.