प्रभाग समिती की मुख्यालयातील पर्यावरण विभाग?

नागपुरात नाग नदीला मिळणाऱ्या नाल्याचा प्रश्न झोनच्या (महापालिकेच्या स्थानिक विभागाच्या) प्रभाग समितीपुढे न्यावा की महापालिका मुख्यालयातील पर्यावरण विभागाकडे, या पेचात आमच्या वस्तीतील मंडळी आहेत.

वेळेच्या दृष्टीने झोन सरस आहे; जाळीत पन्न्या आणि नारळाच्या करवंट्या अडकून पाणी रस्त्यावर आले, की स्वच्छता निरीक्षकाला तिथेच बोलावून दाखवता येते. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली खरी, परंतु समितीचा जोर नगरसेवकांवर असतो, आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आल्यावर जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत हा आधारच उरला नव्हता.

नाला मात्र नागपूरच्या 10 झोनच्या हद्दी पाळत नाही. वरच्या अंगाला सांडपाणी मिसळत असेल, तर आरोग्य, मलनिस्सारण व नगररचना या विभागांसह महापालिकेबाहेरच्या नागपूर सुधार प्रन्यासालाही एकत्र बसवणे मुख्यालयालाच जमते. तेथे श्रम अधिक पडतात. आवक क्रमांक जपून फाइलीचा पाठपुरावा करावा लागतो.

तुंबलेली जाळी, कचरा यांसाठी झोन पुरेसा आहे. सांडपाणी व अतिक्रमणासाठी, झोनमधील तक्रारींच्या पोचपावत्या जोडून, मुख्यालयच गाठावे.