किलीफिशच्या अंड्यांच्या नावाखाली राजगिरा: कोल्हापुरात आलेल्या एका पाकिटाची तपासणी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजारामपुरीत एक कुरिअर आलं. आत झिपलॉकची पिशवी, पिशवीत मूठभर तपकिरी भुसा आणि सोबत चिठ्ठी: ‘नोथोब्रँकियस गुएंथरी, ५० अंडी. १२ आठवडे उघडू नये. हवा लागल्यास अंडी मरतात.’ किंमत दीड हजार, कुरिअरचे १२० वेगळे, सगळे पैसे यूपीआयने आगाऊ. चिठ्ठीतलं माशाचं नाव तेवढं खरं होतं, तेही असा मासा जगात आहे एवढ्यापुरतंच.

गुएंथरी हा झांझिबारचा एक छोटा, शोभेचा किलीफिश. पावसाळ्यात भरणाऱ्या आणि पुढे कोरड्या पडणाऱ्या डबक्यांत तो राहतो. डबकं आटलं की मासे मरतात, चिखलात घातलेली अंडी मात्र पुढच्या पावसापर्यंत तग धरतात आणि पाण्यात भिजली की पिल्लं निघतात. अंड्यातली वाढ तीन ठिकाणी थांबू शकते, त्या थांबण्याला डायपॉज म्हणतात. पहिला थांबा अगदी सुरुवातीला, पेशी विखुरलेल्या असताना. दुसरा हृदयाचे ठोके सुरू झाल्यावर, पण डोळ्यांत काळा रंग भरण्याआधी. तिसरा पिल्लू पूर्ण तयार होऊन बाहेर पडायच्या बेतात असताना. एकाच दिवशी घातलेल्या अंड्यांपैकी काही दोन-अडीच महिन्यांत तयार होतात, काही चार महिनेही घेतात. मोझांबिकच्या राकोवी या दुसऱ्या किलीफिशला तर पाच-सहा महिने सहज लागतात. म्हणजे प्रामाणिक माणूसही ‘अमुक तारखेला पिल्लं निघतील’ असं छातीठोकपणे सांगू शकत नाही.

फसवणाऱ्याला याहून सोयीचा माल कुठला? नळ गळका निघाला तर गिऱ्हाईक संध्याकाळीच दुकानात भांडायला हजर. इथे ते स्वतःहून तीन महिने गप्प बसतं, आणि तोवर समोरच्याचा नंबर बदललेला असतो.

हे पाकीट आलं त्याच दिवशी फोडलं, मोबाइलवर शूटिंग करत फोडलं, म्हणून पुढचं कळलं. पहिली खूण हाताला लागली: भुसा ठणठणीत कोरडा, बोटांत घेतला तर धूळ उडावी असा. खरा भुसा म्हणजे पीट, दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचा; टाकीत मासे त्यातच अंडी घालतात. ते मळायच्या तंबाखूइतपत ओलसर असतं. मुठीत दाबलं तर पाणी गळू नये, सोडलं तर हलकेच मोकळं व्हावं. आठवडाभर हाडासारख्या सुकलेल्या भुशात राहिलेलं अंडं खरं असलं तरी पिचकतं. आणि ‘हवा लागली की मरतात’ ही शुद्ध थाप. अंड्यांना हवा लागतेच, म्हणून पिशवीत हवा ठेवूनच ती बंद करतात आणि महिन्या-दीड महिन्यानं उघडून पाहतात. न उघडण्याची तंबी दिसली की आधी पाकीटच उघडावं.

मग भुसा पांढऱ्या थाळीत पसरून दहापट भिंगाखाली दाणे वेचले. दाणे निघाले ४७. त्यांतले ३६ पिवळसर, एकसारखे, पण नीट पाहिलं तर चपटे, कडेला बारीक कंगोरा असलेले. किलीफिशचं अंडं साधारण एक मिलिमीटरचं असतं आणि पुरतं गोल. फलित अंडं फिक्या मधासारखं पारदर्शक दिसतं, आत तेलाचे थेंब असतात आणि वरच्या बारीक तंतूंना पीटचे कण चिकटलेले असतात. दोन बोटांत हळू फिरवलं तर ते काचेच्या मण्यासारखं टणक लागतं, चटकन फुटत नाही. या ३६ दाण्यांतला एक थोडा वेळ भिजवून नखानं दाबला, तर पीठ झालं. बाकीचे वाटीत पाणी घालून ठेवले. तिसऱ्या दिवशी त्यांना पांढरे कोंब फुटले. राजगिरा होता, उपवासाच्या लाडूंचा. भुसा कोरडा का ठेवला होता, तेही तेव्हा कळलं: ओला असता तर वाटेतच उगवला असता.

उरलेले अकरा दाणे माशाचीच अंडी होती. खोटं कोणी शंभर टक्के खोटं विकत नाही. त्या अकरांतली आठ दुधासारखी पांढरी, त्यांतल्या दोनांवर बुरशीचा कापूस. पांढरं अंडं मेलेलंच असतं, ते डायपॉजमध्ये नसतं. डायपॉजमधलं अंडं स्वच्छ, पारदर्शक राहतं. एवढा एक फरक पाठ असला तरी निम्मी फसवणूक जागीच उघडी पडते.

विक्रेत्याची उत्तरं क्रमानं अशी आली: ‘सर, डायपॉज आहे, धीर धरा.’ मग ‘तुमच्याकडं उष्णता जास्त आहे, तुम्हीच मारलीत.’ मग ‘एकदा भिजवून परत वाळवा, तीन आठवड्यांनी पुन्हा भिजवा.’ यातली शेवटची दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच ती घातक. पहिल्या भिजवणीत न फुटलेली चांगली अंडी पाणी निथळून परत नुसत्या ओलसर पीटमध्ये तीन-चार आठवडे ठेवायची, ही रीत जुनी आहे. उष्णतेचंही खोटं नाही. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ३७-३८ ला जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. अंड्यांना २२ ते २५ अंश बरे. २८ च्या आसपास वाढ लवकर उरकते, पण सतत तिशीच्या वर राहिली तर ती झपाट्यानं खराब होतात. थर्माकोलच्या डब्यात घालून घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवली तर उन्हाळा निभावतो. कुरिअरच्या गोदामात मात्र इलाज नाही, म्हणून अंडी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच मागवलेली बरी. पण उष्णतेनं अंडं मरतं, त्याचा राजगिरा होत नाही.

आता खरं पाकीट कसं असतं ते. त्यावर जातीचं पूर्ण नाव असतं, मूळ ठिकाणाचा कोड असतो (राकोवीच्या पाकिटावर ‘बैरा ९८’ असं काही), पीट टाकीतून काढल्याची तारीख असते आणि भिजवण्याचा अंदाजे महिना. तारीख नसेल तर पैसे देऊ नयेत. तारखेवरूनच हिशेब लागतो: जानेवारीच्या सुरुवातीला काढलेली गुएंथरीची अंडी, पंचवीस अंशांवर ठेवलेली, मार्चअखेर पाहिली तर बऱ्याच अंड्यांत डोळे दिसायला हवेत. दोन काळे ठिपके आणि भोवती सोनेरी कडं. एकाही अंड्यात काहीच नसेल तर विचारायला जागा आहे.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून एक व्हिडिओ मागावा: अंडी भिंगाखाली, शेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख पेननं लिहिलेली. नर माशाचा फोटो कोणीही कुठूनही उतरवून घेतो. ज्याच्याकडं खरंच माल आहे त्याला या व्हिडिओला दोन मिनिटं लागतात. ‘ट्रस्ट नाही का भावा?’ असं उत्तर आलं की तिथंच थांबावं.

भिजवताना सगळं पीट एकदम ओतू नये, निम्मं राखून ठेवावं. डोळ्यांना सोनेरी कडं आलेली अंडी बरीच दिसू लागली की आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात पीट घालून वर पाच ते सात सेंटिमीटर पाणी ओतावं. पाणी सोळा-अठरा अंशांचं, क्लोरिन उडालेलं. उन्हाळ्यात दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलं की काम होतं. पिल्लं काही तासांत निघू लागतात, उशिराची दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यांना पहिल्या दिवसापासून ताजा ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची बारीक पिल्लं) लागतो, म्हणून त्याची अंडी आदल्या दिवशीच पाण्यात लावावीत: लिटरला २५ ग्रॅम खडे मीठ, २८ अंश, एअर पंप जोरात, चोवीस तास. पिल्लं तळाशी सरपटत राहिली, वर उठेनात, तर त्यांच्या हवेच्या पिशवीत हवा भरलेली नसते. अंडी फार लवकर किंवा फार उशिरा भिजवली की असं होतं. हा दोष विक्रेत्याच्या माथी मारू नये.

जिवंत जोड्यांचा धंदा वेगळा, पण त्यातही दोन खोड्या ठरलेल्या. एक, म्हातारा नर. हा मासा वर्षभरही मुश्किलीनं जगतो. पूर्ण रंगात आलेला, पाठीला बाक आणि पोटाला खळगा पडलेला नर घेतला तर तो महिन्याचा पाहुणा. दोन, दुसऱ्याच जातीची मादी. नोथोंच्या (नोथोब्रँकियस गटातल्या माशांच्या) माद्या सगळ्या करड्या, साध्या, जाणकारही चकतो, म्हणून एकाच टाकीत वाढलेली जोडीच घ्यावी. परगावाहून बसनं पार्सल येत असेल तर उतरवून घेताना तिथंच पिशवीवर टॉर्च मारून पाहावी. अंगावर सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसली तर वेल्वेट रोग आहे. असा मासा इतर माशांच्या टाकीत सोडू नये.

पैशांबाबत. या विक्रेत्यानं शेवटी ‘रिफंड देतो’ म्हणून क्यूआर कोड पाठवला. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही लागत नाही. स्कॅन केला असता तर दीड हजारांवर आणखी गेले असते. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० वर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, संपूर्ण चॅट, कुरिअरची पावती आणि पाकीट फोडतानाचा न कापलेला व्हिडिओ हे चार कागद-पुरावे हवेत.

तक्रारीत नुसतं ‘माशांची अंडी खराब निघाली’ असं लिहू नका. टेबलापलीकडचा माणूस ‘मग मासळी बाजारात जा की’ म्हणतो. ‘शोभेच्या माशांची जिवंत अंडी, ५० नग, ऐवजी धान्य पाठवले’ असं लिहा, आणि कोंब फुटलेल्या वाटीचा फोटो सगळ्यात वर लावा.