जुना पॉप-अप कॅम्पर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मार्चमध्ये सांगलीच्या एका गृहस्थांकडून मी पिकअपच्या हौद्यात बसवायचा, छत वर उचलता येणारा जुना कॅम्पर दोन लाख दहा हजारांना घेतला. माझ्या पिकअपचे नावच बोलेरो कॅम्पर असल्यामुळे ऐकणाऱ्याचा नावावरून गोंधळ होतो. मी सांगतो आहे ती हौद्यातून जॅक लावून उतरवता येणारी वेगळी खोली आहे. छत मिटलेले असताना गाडीची एकूण उंची साडेसात फूट राहते. त्यामुळे यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी फारशी झुलत नाही आणि बामणोलीच्या वाटेवर फांद्या घासत नाहीत. पूर्ण उंचीच्या डब्याऐवजी पॉप-अप घेतला, हे मला आजही योग्य वाटते.

चूक झाली ती तपासणीत. फ्रीज, दिवे आणि शेगडी मी चालवून पाहिली. छत उचलल्यावर भिंतीसारखे उभे राहणारे कापड आणि छताचे कोपरे मात्र भर उन्हात नुसते नजरेखालून घातले. जूनमध्ये ठोसेघरजवळ रात्रभर पाऊस कोसळला आणि पहाटे उशाकडची गादी ओली लागली. कोपऱ्यात अंगठा दाबला, तर प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे आत गेले. कडेची पट्टी उघडल्यावर दिसले, की सांध्यात पूर्वी कोणीतरी भरलेले सिलिकॉन पत्र्यापासून सुटले होते आणि पाणी स्क्रूच्या भोकांतून आत उतरत होते. जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीही नीट धरत नाही, म्हणून ते संपूर्ण खरवडून ब्यूटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) लावली आणि कुजलेला भाग कापून पाण्यात टिकणारे मरीन प्लायवूड बसवले. मजुरीसह अठरा हजार रुपये गेले.

कापडाची खरी परीक्षा अंधारात होते. छत उचलून आत मोठा दिवा लावावा आणि बाहेरून पाहावे. जिथे कापड रोज एकाच जागी दुमडते, तिथे सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात. माझ्या कॅम्परला असे चार ठिपके निघाले. ओले कापड मिटून आणले, तर घरी पोहोचताच ते उघडून वाळवावे लागते, आणि साताऱ्याच्या जुलैत ते वाळवायला पोर्च असणे ही चैन नसून गरज आहे. पाऊस नसतानाही दोघांच्या श्वासाने रात्री आतून दव धरते, म्हणून समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. चाळकेवाडीच्या पठारावर वारा आडवा आला की कापड एवढे फडफडते की झोप लागत नाही. तिथे गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे.

शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी फ्रीज आणि दिव्यांना दीड दिवस पुरते. गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवीच.

व्यवहारापूर्वी कॅम्पर पाण्यासह वजनकाट्यावर न्यावा. माझा 390 किलो भरला. त्यात माणसे आणि सामान मिळवून गाडीच्या नोंदणीतील एकूण वजनाशी पडताळावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, म्हणून हौदा कापून वेल्ड केलेला डबा स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही. छत उचलणारे, आत दाबाखाली वायू भरलेले दांडेही हाताने तोलून पाहावेत. माझा डावा दांडा आता थंडीच्या पहाटे छत पुरते वर धरत नाही, आणि पुढच्या महिन्यात मी दोन्ही एकदमच बदलणार आहे.