हेल्पलाइन की आजारातून गेलेला सहकारी?

नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे 1,200 कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यावर कंपन्या बहुधा समुपदेशनाची हेल्पलाइन घेतात. दुसरा मार्ग म्हणजे स्वतः या आजारातून गेलेल्या सहकाऱ्याला प्रशिक्षण देऊन सोबतीला ठेवणं.

हेल्पलाइनवर तज्ज्ञ असतो, शिवाय ऑफिसातलं कुणी ओळखत नाही. आत्महत्येचे विचार येत असतील तर तज्ज्ञच हवा, तिथे तुलनाच नको. पण सत्रं मोजकी असतात, आणि मुळात फोन उचलायलाच हात धजत नाही.

सहकाऱ्याचं बळ वेगळंच. “गोळ्या सुरू झाल्यावर सकाळी डोकं जड असायचं, म्हणून मी नऊची मीटिंग अकराला करून घेतली. साहेबांना आजाराचं नाव नाही सांगितलं, फक्त वेळ मागितली.” हे वाक्य कुठल्याही पोस्टरवर सापडणार नाही. रजेनंतर पहिल्या दिवशी “कुठे होतास इतके दिवस?” याला काय उत्तर द्यायचं, हेही त्यालाच ठाऊक.

मात्र त्याला फुकटात राबवू नये. या कामासाठी वेळ द्यावा, त्यालाही आधार देणारं कुणी ठरलेलं असावं. स्वतःची गोष्ट किती सांगायची हे त्यानेच ठरवावं. अनुभवकथनाच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर उभं करून टाळ्या घेणं मला तरी पटत नाही. कंपनीचं याबाबतचं धोरण लिहितानाच त्याला विचारा.

मला निवडायचं झालं तर आधी सहकारी. हेल्पलाइनचा नंबर तोच लावून देईल.